कॅमेऱ्याचं घड्याळ आणि ब्लॉकचेनची वही

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगायला आज इथे बरेच जण आहेत. बोअरला पाणी कधी लागलं, पहिला गणपती कोणाच्या पार्किंगमध्ये बसला, हे सगळं ते माझ्यापेक्षा रंगवून सांगतील. मला समितीने जरा कोरडा विषय दिला आहे : स्मार्ट उपकरणं आणि ब्लॉकचेन. त्याचं कारण तुम्हाला माहीत आहे. येत्या वार्षिक सभेत नव्या सुरक्षा यंत्रणेचा ठराव येणार आहे. विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरात छापलं आहे, 'ब्लॉकचेनने सुरक्षित, नोंदीत फेरफार अशक्य'. गेल्या महिन्यात निदान दहा जणांनी जिन्यात अडवून मला विचारलं, "काका, हे काय प्रकरण आहे? घ्यावं का?"

माझी सगळी नोकरी मोजमापाच्या उपकरणांमध्ये गेली. त्यामुळे उत्तर द्यायची जबाबदारी माझ्यावर येते. पण उत्तराआधी एक कबुली द्यायची आहे. पंचवीस वर्षांच्या हिशेबात ती राहून जायला नको.

२०१८ च्या सप्टेंबरची गोष्ट. पोळ्याचा आठवडा. तेव्हा मी सचिव होतो. एका पहाटे आपल्या पार्किंगमधून मोटारसायकल चोरीला गेली. सकाळी आम्ही चार-पाच जण कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघायला बसलो. पडद्यावर तीन वाजून आठ मिनिटांनी चौकीदाराची खुर्ची रिकामी झाली. तीन पंधराला गाडी बाहेर गेली. तीन एकतीसला चौकीदार परत आले. आम्ही त्यांना बोलावलं आणि विचारलं, "तीन वाजता कुठे होता?" ते म्हणाले, "मी तं इथंच होतो जी. चार वाजता मांगं पाणी सोडायले गेलतो, तेवढंच." चार वाजता नळ येतो, मागच्या पंपाची मोटर सुरू करायची असते, हे त्यांच्या कामातच होतं. पण आम्ही पडद्याकडे बोट दाखवलं. कॅमेरा तीन म्हणतो आणि तुम्ही चार म्हणता. खोटं कोण बोलतं? कॅमेरा थोडाच बोलणार!

त्याच आठवड्यात त्यांना कामावरून काढलं. पंधरा दिवसांचा पगारही अडवून ठेवला. सभेच्या इतिवृत्तात लिहिलं, 'चौकीदार कामाच्या वेळी गैरहजर आढळले.' ते अक्षर माझं आहे.

मग ३१ डिसेंबर आला. गच्चीवर मुलांनी बारा वाजता फटाके उडवले. दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी गाडीवर ठिणगी पडल्याची तक्रार आली, म्हणून मी रेकॉर्डिंग काढलं. पडद्यावर फटाके फुटत होते आणि कोपऱ्यात वेळ होती अकरा वाजून दहा मिनिटं. मी खुर्चीवरून उठलोच. चोरीच्या दिवसाचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर ठेवलेलं होतं, ते लावलं. त्या सकाळी गाडीमालकाने मला फोन केला होता सहा वीसला. जपून ठेवलेल्या फोनबिलात ती वेळ होती. चार मिनिटांत मी खाली उतरलो होतो. पडद्यावर मी उतरताना दिसलो पाच चौतीसला. म्हणजे तेव्हाही घड्याळ पन्नास मिनिटं मागेच होतं. खुर्ची रिकामी झाली ती चारला दोन मिनिटं कमी असताना. माणूस त्याने सांगितलं त्याच वेळी, सांगितलं त्याच कामाला गेला होता. मी स्वतः त्या चित्रात होतो, तरी कोपऱ्यातली वेळ वाचली नव्हती.

कारण अगदी साधं निघालं. रेकॉर्डरच्या आतला घड्याळाचा सेल अशक्त झाला होता. वीज गेली की घड्याळ थांबायचं आणि वीज आली की थांबलं तिथून पुढे चालायचं. त्या पावसाळ्यात किती वेळा वीज गेली असेल ते सांगायला नको.

आता ही गोष्ट बाजूला ठेवतो, पण विसरू नका. ब्लॉकचेन समजून घेताना तिचा उपयोग होणार आहे.

आधी स्मार्ट उपकरणांबद्दल. आपल्या आवारात आज काय काय जाळ्याला जोडलेलं आहे ते मोजा. फाटकावरचे आणि पार्किंगमधले कॅमेरे, त्यांचा रेकॉर्डर, टाकीतल्या पाण्याची पातळी सांगणारं यंत्र, मोटर आपोआप सुरू-बंद करणारी पेटी, पाहुण्यांची नोंद करणारं अ‍ॅप. शिवाय घराघरातले टीव्ही, दाराच्या घंटीतले कॅमेरे. यातला प्रत्येक डबा म्हणजे छोटा संगणकच. आणि संगणक म्हटलं की त्याला कुलूप लागतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या डाइन नावाच्या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठमोठ्या सेवा काही तास अडखळल्या. हल्ला करणारी यंत्रं कोणती होती? लोकांच्या घरातले कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर. 'मिराई' नावाचा एक प्रोग्राम इंटरनेटवर फिरत होता. कारखान्यातून येतानाचे साठेक ठरावीक पासवर्ड तो एकामागून एक लावून बघायचा. ज्याने पासवर्ड बदलला नव्हता, त्याचा कॅमेरा त्याच्या ताब्यात जायचा. मालकाला पत्ताच नसे. आपल्या रेकॉर्डरचा पासवर्डही बसवणाऱ्या मुलाने ठेवलेलाच होता, आणि तो त्याच्यासह अर्ध्या सोसायटीला पाठ होता.

तर अशा डब्यांवर विश्वास कसा ठेवायचा? इथे ब्लॉकचेन येते.

ब्लॉकचेन म्हणजे काय हे आपल्या सभेच्या वहीवरून सांगतो. वार्षिक सभेचा पहिला विषय कोणता असतो? 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.' म्हणजे नवी सभा जुन्या सभेला गाठ मारूनच सुरू होते. ब्लॉकचेन हेच करते, फक्त गणिताने. एखाद्या फाइलमधला सगळा मजकूर एका सूत्रातून काढला की एक लांबलचक आकडा मिळतो. त्याला हॅश म्हणतात. प्रचलित पद्धतीत तो ६४ अक्षर-अंकांचा असतो. आपण त्याला फाइलचा अंगठ्याचा ठसा म्हणू. मूळ मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो, आणि ठशावरून मजकूर मात्र परत काढता येत नाही. आता प्रत्येक नव्या पानावर मागच्या पानाचा ठसा लिहायचा. मधलं एक पान कोणी बदललं, तर त्यापुढच्या सगळ्या पानांचे ठसे जुळेनासे होतात. आणि ही वही एकट्या सचिवाच्या कपाटात नसते, तिच्या प्रती अनेकांकडे असतात. एकाने आपली प्रत खोडली तरी बाकीच्यांच्या प्रती साक्ष देतात.

ही कल्पना बिटकॉइनपेक्षा जुनी आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघांनी कागदपत्रांवर न बदलता येणारा वेळेचा शिक्का कसा मारावा, हे १९९१ मध्ये मांडलं. पुढे १९९५ पासून त्यांच्या पद्धतीतला ठसा दर आठवड्याला न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींमध्ये छापला जाऊ लागला. वर्तमानपत्र लाखो घरांत गेलेलं असतं. सगळ्या घरांतला अंक बदलणार कोण? २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनचा लेख आला, आणि ३ जानेवारी २००९ ला त्या साखळीचा पहिला ब्लॉक तयार झाला. तिथून हे नाव सगळीकडे पसरलं.

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचं झालं, आपल्याकडे काय? आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली आहे. २०२२ मध्ये तिथल्या उपविभागात सुमारे ६५,००० जात प्रमाणपत्रं पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनवर नोंदवण्याचं काम हाती घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या. बंगळूरच्या 'लेजिटडॉक'ची यंत्रणा त्यासाठी वापरली गेली. कागदावर क्यूआर कोड असतो. तो स्कॅन केला की कागद खरा की बनावट हे पडताळता येतं. नागपूर-पुण्याच्या कॉलेजात प्रवेश घ्यायला गेलेल्या माडिया मुलाच्या हातातल्या कागदावर तिथल्या बाबूने विश्वास ठेवणं, ही त्या मुलासाठी केवढी मोठी गोष्ट आहे हे मी सांगायला नको.

उपकरणांच्या बाबतीतही हेच करता येतं. प्रत्येक कॅमेऱ्याला किंवा मीटरला एक गुप्त किल्ली द्यायची. त्याने नोंद पाठवताना त्या किल्लीने सही करायची. मग उद्या दुसराच कोणी 'मीच तुमचा कॅमेरा' म्हणून खोटं चित्र पाठवू लागला, तर सही जुळत नाही. आणि नोंदींचे ठसे साखळीत गेले की मागाहून बदल लपत नाही. चित्रं मात्र साखळीत ठेवत नाहीत, ती फार जड असतात. बिटकॉइनची साखळी सेकंदाला सातेक व्यवहार कशीबशी पेलते. आठ कॅमेऱ्यांचं चित्रण ती काय पेलणार! म्हणून चित्र आपल्याकडे आणि साखळीत फक्त ठसा.

आता मघाची गोष्ट परत घ्या. समजा, २०१८ मध्ये आपल्याकडे ही ब्लॉकचेनची यंत्रणा असती, तर काय झालं असतं?

कॅमेऱ्याने सही करून नोंद पाठवली असती, 'तीन वाजून आठ मिनिटं, खुर्ची रिकामी.' तिचा ठसा साखळीत गेला असता. नंतर कोणालाही ती बदलता आली नसती. आम्ही आणखी छाती फुगवून सांगितलं असतं, "बघा, फेरफार अशक्य!" आणि नोंद चुकीचीच राहिली असती. चूक पक्की झाली असती, एवढंच.

मला आज एवढंच सांगायचं आहे. कुठल्याही नोंदीला तीन प्रश्न विचारायचे असतात. ही कोणी लिहिली? लिहिली तेव्हा खरी होती का? आणि नंतर कोणी बदलली का? ब्लॉकचेन पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार चांगलं देते. दुसऱ्याचं देत नाही. ते आपल्यालाच शोधावं लागतं.

जंगलात काम करणाऱ्यांना हे बरोबर माहीत असतं. आपल्या ताडोब्यात वाघ मोजायला झाडांवर कॅमेरे बांधतात. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते आणि त्यांनी साडेतीन कोटींच्या आसपास फोटो टिपले. गिनेस बुकात त्याची नोंद आहे. फोटोवरची तारीख-वेळच चुकली तर कोणता वाघ कधी कुठून गेला, हा हिशेबच बिघडेल. म्हणून कॅमेरा बांधताना वेळ लावून, तपासून घ्यावी लागते. ताडोब्याच्या बफरमधल्या सीतारामपेठ गावाभोवती तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे बसवले आहेत. वाघ गावाकडे वळला की इशारा मिळावा, ही त्यामागची कल्पना. तिथे नोंद दोन मिनिटं उशिरा पोचली तर काय होऊ शकतं, हे दुर्गापूर-ऊर्जानगरकडे राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना विचारा.

आणखी एक गोष्ट जंगलाकडूनच शिकण्यासारखी आहे. जानेवारीत मी चौकीदारांच्या गावी गेलो. त्यांचं गाव धानोरा तालुक्यात आहे. गडचिरोलीहून तिकडे जाताना मेंढा (लेखा) लागतं. सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांतलं हे गाव. ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने घेणारं. २००९ मध्ये त्यांना हक्क मिळाला, पण बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवान्याचं पुस्तक वन विभागाच्या हातात. अखेर २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एवढा लढा एका छापील पुस्तकासाठी! कारण नोंद करण्याचा अधिकार ज्याच्या हाती, सत्ता त्याच्या हाती. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा : साखळीच्या प्रती कोणाकोणाकडे राहणार? किल्ल्या कोणाकडे? सगळं काही त्याच्याच सर्व्हरवर असेल, तर ती साखळी नाही, ती त्याची खासगी वही आहे. नाव काहीही छापा.

चौकीदार घरी भेटले. मी सगळं सांगितलं, माफी मागितली, अडवलेला पगार दिला. ते बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "मी सांगतलं होतं ना जी, पाणी सोडायले गेलतो म्हणून." त्यांच्या बायकोने चहा दिला. परत कामावर या म्हटलं, तर नाही म्हणाले. या कार्यक्रमाचंही निमंत्रण दिलं होतं, ते आले नाहीत. तो त्यांचा हक्क आहे. त्यांचं नाव मी घेत नाही, तेही त्यांच्याच सांगण्यावरून.

आता मुद्द्यावर येतो. नवी यंत्रणा घ्यायला माझा विरोध नाही. पण ती घ्या किंवा नका घेऊ, पाच गोष्टी ठरावात लिहा.

पहिली, घड्याळ. रेकॉर्डरने वेळ जाळ्यावरून आपोआप जुळवून घेतली पाहिजे. आणि दर महिन्याच्या एक तारखेला समितीतल्या एकाने मोबाइलवरची वेळ कॅमेऱ्यासमोर धरून दोन्ही वेळा रजिस्टरमध्ये लिहायच्या. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी, पासवर्ड. बसवून झालं की त्याच दिवशी बदलायचा. दोघांकडेच ठेवायचा. समिती बदलली की पासवर्ड बदलायचा. आणि नवा कॅमेरा घेताना त्याची सुरक्षा-चाचणी झाली आहे का ते विचारायचं. एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारने तशी अटच घातली आहे.

तिसरी, ठसा. मोटर कधी सुरू झाली, फाटक कधी उघडलं, याची रोजची नोंद असलेल्या फाइलचा ठसा रात्री आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. घराघरातल्या मोबाइलमध्ये त्याची प्रत राहील. ही आपली गरिबाची ब्लॉकचेन. सुप्रभातच्या फुलांमध्ये एक आकडा जाईल, कोणाला त्रास नाही. आणि एखादी घटना घडली, तर त्या चित्रणाची प्रत लगेच काढून तिचा ठसा घ्यायचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याच्या नमुन्यातच हॅशची जागा आहे. म्हणजे ही माझ्या डोक्यातली हौस नाही, कायदाच ते मागतो.

चौथी, खासगीपणा. साखळीत गेलेलं पुसता येत नाही. म्हणून पाहुण्यांची नावं, फोन नंबर, मुलींच्या येण्या-जाण्याच्या वेळा तिथे कधीही जाता कामा नयेत. फक्त ठसे.

पाचवी, माणूस. कुठल्याही यंत्राच्या नोंदीवरून कोणावर ठपका ठेवण्याआधी ती नोंद त्या माणसाला दाखवायची, त्याचं म्हणणं लिहून घ्यायचं, आणि ते दुसऱ्या एखाद्या नोंदीशी ताडून पाहायचं. आमच्याकडे फोनची वेळ होती. पंपाची वेळ होती. नळाची वेळ तर सगळ्या चंद्रपूरला माहीत होती. आम्ही एकीकडेही पाहिलं नाही. चौकीदार आणि कॅमेरा यांत आम्हाला कॅमेरा मोठा वाटला.

शेवटचं. २०१८ च्या इतिवृत्तात ते वाक्य अजून तसंच आहे. ते पान फाडावं किंवा त्यावर पांढरी शाई लावावी, असं कोणाला वाटेल. तसं करू नका. चुकलेली नोंद खोडायची नसते, तिच्यापुढे दुरुस्तीची नवी नोंद जोडायची असते, आणि दोन्ही वाचता आल्या पाहिजेत. ब्लॉकचेनमध्येही हाच नियम आहे. म्हणून येत्या वार्षिक सभेपुढे मी लेखी अर्ज दिला आहे. त्यात ठरावाचा मसुदा आहे : 'सप्टेंबर २०१८ च्या घटनेत चौकीदार कामावर हजर होते. रेकॉर्डरचे घड्याळ पन्नास मिनिटे मागे होते. संस्थेची चूक झाली.' खाली सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा रिकामी आहे. ठराव मंजूर झाला की त्याची एक प्रत धानोरा तालुक्यातल्या त्या घरी पोचवायला मी स्वतः जाईन.